चाळिसाव्या पेशंटची लाळ

अक्कलदाढ काढायची असेल तर शिकून झालेल्या डॉक्टरकडे जावे, शिकत असलेल्याकडे जाऊ नये. शिकून झालेला दाढ काढतो, पैसे घेतो आणि विषय संपतो. शिकत असलेला दाढेला हात लावण्याआधी खुर्ची जवळ ओढतो, घसा साफ करतो आणि विचारतो, "मॅडम, तुमची थोडी लाळ मिळेल का?"

चारुशीलाला हा प्रश्न डेंटल कॉलेजच्या तिसऱ्या मजल्यावर विचारण्यात आला. त्याआधी ती केस पेपरच्या रांगेत पाऊण तास उभी राहिली होती. एक्स-रेच्या खिडकीवर "चुकीच्या रांगेत आहात" हे ऐकून बरोबर रांगेत गेली होती आणि तिथे "आधी त्या खिडकीचा शिक्का आणा" हे ऐकून पुन्हा चुकीच्या रांगेत आली होती. इतके झाल्यावर माणूस काहीही द्यायला तयार होतो.

विचारणारा डॉक्टर ऋषिकेश उमरेडचा होता. चेहरा असा, की त्याला नाही म्हणणाऱ्यालाच पाप लागावे. त्याच्या प्रबंधाचा विषय होता, अक्कलदाढेच्या शस्त्रक्रियेनंतर लाळेत आढळणारे ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेसचे निर्देशक.

"सोप्या भाषेत सांगतो," तो म्हणाला. "जखम झाली की शरीरात एक प्रकारचा गंज धरतो. तो लाळेत उतरतो. किती धरला आणि किती दिवसांत उतरला, ते आम्ही मोजतो. चार वेळा लाळ द्यायची. ऑपरेशनच्या आधी, मग पहिल्या, तिसऱ्या आणि सातव्या दिवशी. चाळीस पेशंट लागतात. तुम्ही चाळिसाव्या."

"एकोणचाळीस लोक तयार झाले?"

"सत्तावन्न झाले होते, मॅडम. त्यातले अठरा तिसऱ्या दिवशी फोन उचलेनासे झाले." त्याने खाली पाहिले. "महिनाअखेरीस प्रबंध द्यायचा आहे. एक नमुना जरी चुकला तरी पेशंट बाद, आणि मी सहा महिने मागे."

चारुशीलाने सही केली. यात दयेचा भाग थोडा आणि मनोहररावांचा फार होता. मनोहरराव म्हणजे तिचे वडील. चौतीस वर्षे सरकारी कचेरीत आवक-जावक शाखेत होते. आलेल्या प्रत्येक कागदावर शिक्का, क्रमांक, तारीख. आणि आवक नसलेल्या कागदाला जावक नाही, मग तो कागद साहेबांच्या मेहुण्याचा का असेना. सही केली म्हणजे ते काम झालेच, अशी त्यांची समजूत होती आणि तिच्यापायी त्यांना एकही बढती वेळेवर मिळाली नाही. जानेवारीत ते गेले. आता मे महिना होता.

नातेवाइकाच्या सहीचा रकाना सोबत आलेल्या आईने भरला. उत्तराबाईंनी आधी 'सौ.' लिहिले. पेन क्षणभर हवेत थांबले. मग 'सौ.' खोडून 'श्रीमती' लिहिले आणि लगेच शेजारी बसलेल्या बाईकडे वळून विचारले, "तुमचा जबडा कोणत्या बाजूनं सुजला? उजव्या? चांगलंय, झोपायला डावी मोकळी."

आई सावरली, असे नंदनवन वस्तीतली त्यांची सगळी गल्ली म्हणत होती. चारुशीलाही म्हणत होती. फक्त मनात म्हणत होती, आणि फारशा चांगल्या अर्थाने नाही. स्वतः चारुशीला जानेवारीपासून कामापुरते बोलत होती. ती ग्रंथालयात नोकरीला होती, तिथे हा गुण समजला जातो.

दाढ निघाली. ती कशी निघाली ते सांगण्यात अर्थ नाही, कारण ज्यांची निघाली आहे त्यांना माहीत आहे आणि ज्यांची निघायची आहे त्यांना झोप हवी आहे.

खरे ऑपरेशन दुसऱ्या दिवशी सकाळी घरी सुरू झाले. ऋषिकेशने नियमांचा कागद दिला होता. दात घासायचे नाहीत. पाणी प्यायचे नाही. थुंकायचे तर मुळीच नाही. खुर्चीत बसून मान पुढे झुकवायची, ओठ सैल सोडायचे आणि लाळ आपण होऊन नळीत पडू द्यायची. पाच मिलिलिटर. आणि शेवटचा नियम ठळक अक्षरांत: या काळात अन्न पाहू नये, अन्नाचा वास घेऊ नये, अन्नाचा विचार करू नये. सुटलेली लाळ चालणार नाही, आलेली लाळ हवी.

पाच मिलिलिटर म्हणजे एक चमचा, असे वाचताना वाटते. गाल सुजलेला, टाके ताणलेले, मान खाली, हातात काचेची नळी, अशा स्थितीत बसल्यावर कळते की गंगेला पृथ्वीवर उतरायला एवढा वेळ का लागला.

दोन मिलिलिटर झाले असतील नसतील, दारातून पंचफुलाबाई आत आल्या. त्या शेजारच्या. माहेर उमरेडकडचे शेतकऱ्याचे, यजमान जाऊन अकरा वर्षे झालेली, आणि गल्लीतल्या प्रत्येक आजारावर त्यांचे मत तयार असे.

"आं वं चारू! गाय पाण्यावर वाकते तशी काहून बसली?"

चारुशीलाला ओठ हलवायची परवानगी नव्हती. उत्तराबाई आतून म्हणाल्या, "लाळ देऊन राहिली ती. कॉलेजात मोजतात."

"लाळेत काय मोजतेत?"

"स्ट्रेस."

"म्हंजे टेन्शन?"

"टेन्शनच समजा."

"बाप मेला तिचा, टेन्शन त असनच! त्याच्यासाठी थुंकी कायले पायजे? मले इचारलं असतं त मीच सांगतलं असतं." पंचफुलाबाई खुर्चीत बसल्या. "तुमचं बाकी बरं आहे बाई. तुमाले काही टेन्शन नाही. आमचा माणूस गेला तवा मी चाळीस दिवस खाटेवरून उठली नोती. पाण्याचा थेंब घेतला नोता तोंडात."

"चाळीस दिवस पाणी नाही?" उत्तराबाई पदराला हात पुसत बाहेर आल्या. "उंट पाळला होता की काय अंगात?"

आणि हसल्या. स्वतःच्याच बोलण्यावर, खळखळून.

चारुशीलाची लाळ थांबली. नियमांच्या कागदात याबद्दल काही लिहिलेले नव्हते.

हसण्याने पंचफुलाबाई दुखावल्या नाहीत, कारण त्यांना दुसरा विषय आठवला होता. "काल भावाकडे गेली होती. वहिनीनं सांबारवडी केली वं, चारू! कोवळ्या सांबाराची, नुसती हिरवीगार कोथिंबीर, आत खोबरं, खसखस, आणि तळून काढली का नाही, वरचं आवरण असं कुरकुर वाजे. त्याच्यावर चिंचेची चटणी..."

नळी दहा सेकंदांत भरली. सुटलेली लाळ होती, कायद्याने बाद. चारुशीला मोरीपाशी गेली, डोळे मिटून नळी ओतली आणि पहिल्या थेंबापासून पुन्हा सुरुवात केली.

भरलेली नळी रिक्षा येईपर्यंत बर्फात ठेवायची होती. बर्फ फ्रीजमध्ये होता आणि फ्रीज उत्तराबाईंचा होता. त्या फ्रीजमध्ये वीस वर्षांत अंडे शिरले नव्हते. दारातल्या अंड्यांच्या खळग्यांत लिंबे बसत.

"उष्टं ठेवणार? फ्रीजमध्ये?"

"उष्टं नाही आई. नमुना आहे."

"तोंडातून निघालं ते उष्टं. मग त्याला कॉलेजानं काही म्हणो."

तासाभराच्या वाटाघाटींनंतर काचेची नळी स्टीलच्या डब्यात, डबा प्लॅस्टिकच्या पिशवीत आणि पिशवी फ्रीजरच्या अगदी कोपऱ्यात गेली. तडजोड फक्त त्या दिवसापुरती होती, हे आईने दोनदा सांगितले. चारुशीलाने एकदाही ऐकले नाही.

मग थर्मासमध्ये बर्फ, बर्फात नळी, आणि मे महिन्याच्या नागपुरात नऊच्या उन्हात रिक्षाने कॉलेज. फाटकावर धर्मेंद्र नावाचा पहारेकरी होता.

"थर्मास आत चालत नाही, ताई. बाहेरचं खाणंपिणं बंद आहे."

"खाणं नाही. लाळ आहे."

धर्मेंद्रने तिच्या गालाकडे पाहिले, थर्मासकडे पाहिले. "लाळ तोंडात आणत असतेत, ताई. थर्मासमधी काहून आणून राहिल्या?"

मागे रांग लागली होती. रांगेला हा प्रश्न योग्य वाटला. शेवटी चारुशीलाने झाकण उघडून दाखवले, धर्मेंद्रने आत डोकावले आणि तिचे नाव, वेळ आणि वस्तू या रकान्यांत 'लाळ, १ नग' अशी नोंद केली. मनोहररावांना हे आवडले असते, असे तिच्या मनात आले. पण हे सांगायला घरी कोण होते? आईला सांगितले असते तर ती हसली असती. मग कुणालाच सांगितले नाही.

तिसऱ्या दिवशी मनोहररावांचे मासिक होते.

वर्षभर दर महिन्याला त्या तिथीला पान वाढायचे. त्यासाठी उत्तराबाई पाच वाजता उठून, न्हाऊन, ओलेत्याने स्वयंपाकाला लागत. ऋषिकेशचे आदल्या संध्याकाळपर्यंत चार फोन झाले होते. तिसरा दिवस हा अठरा पेशंट खाल्लेला दिवस होता. चारुशीलाने सहाच्या आत, वडे तळायला पडण्यापूर्वी, खिडकीकडे नाक करून पाच मिलिलिटर पुरे केले, नळी फ्रीजरमध्ये ठेवली आणि डोक्यावरून आंघोळीला गेली; तीत पाऊण तास गेला. आली तेव्हा नळी होती तिथेच होती. मघापेक्षा थोडी जास्त भरलेली वाटली. गार होऊन फुगली असेल, असे वाटून तिने ती थर्मासात घातली. ग्रंथालयात पदार्थविज्ञानाची कपाटे तिच्याकडे नव्हती.

सातव्या दिवशी शेवटचा नमुना देऊन टाके काढायचे होते. चार नमुने, एकही चूक नाही. जानेवारीनंतर पहिल्यांदा आपल्या हातून एक काम नीट पार पडले, असे वाटत ती तिसऱ्या मजल्यावर चढली. मागून आई, कारण आईला कॉलेजची बाके आवडू लागली होती.

ऋषिकेशच्या चेहऱ्यावर मात्र आनंद नव्हता. हातात कागद होता.

"मॅडम, तुम्हाला काही होतंय का?"

"दाढ काढली आहे."

"ते नाही. हे बघा. पहिला नमुना दोनच्या जरा खाली. पहिल्या दिवशी तीन, बरोबर, जखम ताजी होती. आणि तिसऱ्या दिवशी साडेसहा! माझ्याकडे एकोणचाळीस पेशंट आहेत, एकही चारच्या वर गेला नाही. पस पडला असेल तर असं होतं." त्याने तिचे तोंड उघडून आत पाहिले आणि अधिकच खिन्न झाला. "जखम तर सुंदर भरली. तंबाखू, खर्रा?"

"नाही."

"सिगरेट? व्हिटॅमिनच्या गोळ्या? घरात काही झालंय?"

"वडील गेले. जानेवारीत."

ऋषिकेशने फॉर्म वरून खाली पाहिला. तंबाखू होती, मधुमेह होता, गर्भारपण होते. वडिलांसाठी रकाना नव्हता. तो विचार करून म्हणाला, "पण ते तर पहिल्या नमुन्याच्या वेळीही गेलेलेच होते ना?"

चार महिन्यांत तिच्याशी या विषयावर कुणी इतके सरळ बोलले नव्हते. चारुशीलाला राग आला नाही. उलट बरे वाटले.

"डॉक्टर," बाकावरून आवाज आला. "तो आकडा माझा आहे."

दोघांनी वळून पाहिले. उत्तराबाई पदराचे टोक बोटाला गुंडाळत होत्या.

"मासिक होतं ह्यांचं. फ्रीजमध्ये खाली खीर निवत ठेवलेली, वर उष्टं. ह्यांना उष्टं चालत नव्हतं हो, पाण्याचा पेलासुद्धा वेगळा होता. मी सांडशीनं नळी उचलली आणि मोरीत ओतली. ओतल्यावर आठवलं, की पोरीनं सही केलेली आहे."

"आणि मग?" चारुशीला म्हणाली.

"मग बसले मान खाली घालून. अर्धा तास लागला. वडे तळायचे थांबवले, डॉक्टर. नियम वाचला होता मी."

"तू दात घासले होतेस?"

"न्हाऊन ओवळ्या तोंडानं नैवेद्य करीन मी? काहीतरी विचारते."

ऋषिकेश बसला. खुर्ची कुठे आहे हे न पाहता बसला आणि सुदैवाने ती तिथे होती. एकोणचाळीस. सहा महिने. उमरेडला फोन करून वडिलांना काय सांगायचे? थोड्या वेळाने त्याने मान वर केली आणि दाराकडे पाहून हळू आवाजात म्हणाला, "मॅडम, तिसऱ्या दिवशी साधारण आकडा किती येतो, ते मला पाठ झालंय. दोन पूर्णांक सहा लिहिलं तर कुणाला कळणार आहे?"

चारुशीलाने त्याच्याकडे पाहिले. चेहरा तोच होता, नाही म्हणणाऱ्याला पाप लावणारा. एक आकडा होता, आणि त्याने या मुलाचे सहा महिने वाचत होते. तिने सही थोडीफार त्याच्यासाठीही केली होती. पण आवक नसलेल्या कागदाला जावक नाही.

"मला खोडा," ती म्हणाली. "आजच्या तारखेनं खोडा आणि कारण लिहा. तुमच्या मॅडमना मी सांगते."

मार्गदर्शक मॅडम आतल्या खोलीत कसलीशी रजिस्टरे तपासत होत्या. चारुशीलाने सगळे सांगितले, मासिक, खीर, सांडशी, काही गाळले नाही. मॅडमनी मान वर न करता ऐकले.

"म्हणजे एकोणचाळीस राहिले? मग द्या प्रबंध. छत्तीस पुरतात."

"पण चाळीस..." ऋषिकेश म्हणाला.

"गोल आकडा म्हणून सांगितला होता रे."

चारुशीलाला सांबारवडीच्या दिवशी मोरीत ओतलेली ती भरलेली नळी आठवली. मग धर्मेंद्रची वही आठवली, तिच्यातला एक नग आठवला. माणसाचा अपमान किती बारीक आकड्यात होऊ शकतो, याचेही कुणीतरी मोजमाप करायला हवे, असे तिला वाटले.

"बाकी, साडेसहाचं तोंड कुणाचं आहे?" मॅडमनी आता मान वर केली. "त्यांना खुर्चीत बसवा आधी."

बसवले. आरसा आत गेला. डावीकडच्या हिरड्या लाल, सुजलेल्या, मागच्या दाढेशी पसाची पिशवी. मॅडमनी बोट लावले तशी उत्तराबाईंनी खुर्चीचा हात घट्ट धरला, पण आवाज केला नाही.

"दुखत नव्हतं?"

"दुखत होतं."

"केव्हापासून?"

उत्तराबाईंनी जरा हिशेब केल्यासारखे केले. "जानेवारीतच सुरू झालं. ह्यांच्या तेराव्याच्या आसपास."

चारुशीला खुर्चीच्या पायाशी उभी होती. "आई, चार महिने? सांगितलं का नाहीस?"

"कोणाला सांगू? दाताचं सगळं हेच बघत." आरसा पुन्हा तोंडात जायच्या आत उत्तराबाईंनी वाक्य पुरे केले. "तू बोलत नव्हती. येणारे-जाणारे थोडे होते का? कोणीतरी बोलायला पाहिजे होतं. तुझ्या वाटचं मीच बोलून राहिली होती. त्यात दाढेचं राहून गेलं."

नातेवाइकाच्या सहीचा रकाना पुढे आला. चारुशीलाने सही केली. पेन हवेत थांबले नाही, पण अक्षर जरा वाकडे आले.

पिशवी फोडली, औषध भरले, आठ दिवसांनी बोलावले. उत्तराबाई अर्ध्या सुन्न तोंडाने खुर्चीतून उतरल्या आणि ऋषिकेशसमोर जाऊन उभ्या राहिल्या.

"तो आकडा मला कागदावर लिहून द्या."

"कशाला, काकू? तो तर बाद झाला."

"तुमच्याकडे बाद. मला पाहिजे. नाव घाला, आकडा घाला, नेहमी किती असतो तेही घाला."

"काकू, तो हिरड्यांचा आहे बहुतेक. म्हणजे... मनाचं त्यात नसतं काही. निदान मी तसं म्हणू शकत नाही."

"तुम्ही म्हणूच नका. आकडा तेवढा लिहा." मग चारुशीलाकडे न पाहता, "आणि शिक्का मारा. ह्यांना बिनशिक्क्याचा कागद चालत नसे."

ऋषिकेशजवळ एकच शिक्का होता, नळ्यांच्या यादीवर मारायचा. त्याने तो मारला. निळ्या शाईत उमटले: 'नमुना प्राप्त'. तारीख चारुशीलाने घातली.

रिक्षात दोघी बोलल्या नाहीत. म्हणजे कागदापुरते रेटून बोललेल्या उत्तराबाईंचा ओठ आता पुरता सुन्न झाला होता आणि त्यांना बोलता येत नव्हते. मेडिकल चौक गेला तशी चारुशीलाने घसा साफ केला. "फाटकावरच्या पहारेकऱ्यानं त्या दिवशी काय लिहिलं माहितीये? लाळ, एक नग."

उत्तराबाईंनी तोंडावर पदर धरला. हसल्या की आणखी काही, ते पदरामुळे दिसले नाही. खांदे मात्र नंदनवन येईपर्यंत हलत होते, आणि चारुशीलाने आपला हात त्यांच्यावरून काढला नाही.

संध्याकाळी पंचफुलाबाई आल्या. उत्तराबाईंनी कागद पुढे केला. पंचफुलाबाईंनी चष्मा लावून तो दोनदा वाचला.

"किती असाले पायजे?"

"दोन," चारुशीला म्हणाली. आईच्या ओठाचा सुन्नपणा अजून उतरला नव्हता, तेव्हा तिच्या वाटचे बोलणे भाग होते.

"आन् हे उत्तराबाईचं? साडेसहा?"

"साडेसहा."

पंचफुलाबाई हळूच खुर्चीत बसल्या. शिक्क्यावरून अंगठा फिरवला. मग त्यांनी कागदाची घडी होती तशीच घातली, चष्मा काढला, आणि खालच्या आवाजात विचारले,

"चारू, अकरा वर्सं झाली वं. आता माहं किती भरन?"